मध्यम बुद्धीच्या मुलाला नवोदयच्या परीक्षेला बसवावं का?

तुम्ही विचारलंय, मुलगा पाचवीत आहे, अभ्यासात मध्यम, नवोदयच्या, म्हणजे सहावीपासूनच्या सरकारी निवासी शाळेच्या, परीक्षेला बसवू का आणि लागला तर तिथे टिकेल का. माझा मुलगाही असाच, म्हणून लिहिते.

आमचे थोरले भाऊजी स्वतः शिक्षक. चौथी संपली त्याच महिन्यात त्यांनी घरात जाहीर केलं, पोराला तयारीच्या निवासी क्लासला टाकायचं. सहावीच्या प्रवेशाची परीक्षा पाचवीत एकदाच देता येते, एवढ्यावर सगळं घर हललं. शाळेला जास्तीत जास्त 80 जागा, त्यातल्या किमान 75 टक्के ग्रामीण मुलांना. 100 पैकी 50 गुण आकृत्यांचे, ते नुसत्या सरावाने मिळतात, असं भाऊजी म्हणायचे. सराव सगळीच मुलं करतात हो! मग ज्याच्या डोक्यात आकृती पटकन फिरते तोच पुढे जातो.

क्लासात दर रविवारी पेपर, सोमवारी सगळ्यांसमोर नंबर वाचायचे. दिवाळीला तो घरी आला तेव्हा मी दप्तर आवरत होते. वहीच्या शेवटच्या पानावर त्याने दर रविवारचा नंबर लिहून ठेवला होता. 41 पैकी 38. 41 पैकी 39. एके ठिकाणी 39 खोडून 29 केलेलं, आणि रबर घासून घासून कागदाला भोक पडलेलं. ते पान कोणी बघणार नव्हतं. दहा वर्षांचं लेकरू स्वतःलाच खोटं सांगत होतं.

मी त्याला परत पाठवलं नाही. भाऊजी भाऊबीजेच्या पंगतीत सगळ्यांदेखत म्हणाले, "तू पोराचं वाटोळं केलंस." परीक्षा त्याने गावच्या शाळेतूनच दिली, निवड झाली नाही. आज दहावीत आहे, वर्गात दहावा-बारावा असतो. सरांनी प्रश्न विचारला की हात वर करतो. क्लासात तो हात वर करायचंच विसरला होता.

टिकेल का म्हणाल तर, सुरुवातीला मराठीतून असतं, निभावतं. पुढे आठवी-नववीपासून गणित-विज्ञान इंग्रजीवर जातं आणि नववीत काही मुलांना वर्षभर हिंदी भाषिक राज्यातल्या नवोदयमध्ये पाठवतात. हुशार मूल हे पचवतं. मध्यम मुलाला संध्याकाळी शेजारी बसून समजावणारं आपलं माणूस लागतं, ते वसतिगृहात कुठून आणणार? माझं स्पष्ट मत, पाठवू नका.

हां, गावात सातवीनंतर शाळाच नसेल किंवा घरची परिस्थिती बेताची असेल, तर गोष्ट वेगळी. राहणं, जेवण, पुस्तकं सरकार देतं, आणि तिथे जाऊन फुललेली मुलं मी पाहिली आहेत. नुसती परीक्षा द्यायलाही हरकत नाही. रोज तासभर घरीच आकृत्या सोडवून घ्या, चुकलेली स्वतः त्याच्यासोबत बसून बघा. निवासी क्लासला मात्र टाकू नका, मग घरातलं कितीही शिकलेलं, कितीही मोठं माणूस सांगो.