व्हीएफडीसाठी (मोटरची गती कमीजास्त करणाऱ्या ड्राइव्हसाठी) व्ही/एफ, व्हेक्टर आणि डीटीसी यांपैकी कोणती नियंत्रण पद्धत चांगली?

पंप आणि पंख्यांना व्ही/एफ, म्हणजे वारंवारतेच्या प्रमाणात व्होल्टेज देणारी साधी पद्धत, पुरते. त्यांच्यासाठी कोणी महागडा ड्राइव्ह गळ्यात मारत असेल, तर सरळ नकार द्यावा. मात्र ‘व्ही/एफ सगळीकडे चालते’ हे वरिष्ठांचे ठरलेले वाक्य आमच्या साखर कारखान्यात फार ऐकले असल्याने सविस्तर लिहितो.

मिल तुंबली की आमची गव्हाण (मिलकडे ऊस वाहून नेणारी साखळी) उसाने भरलेली असतानाच थांबवावी लागे आणि मग ती जागची हलत नसे. ४१५ व्होल्ट, ५० हर्ट्झच्या मोटरला व्ही/एफ पद्धतीत ३ हर्ट्झवर जेमतेम २५ व्होल्ट मिळतात. त्यांतला बराच भाग स्टेटरच्या रोधातच खर्ची पडतो आणि फ्लक्स (चुंबकीय क्षेत्र) क्षीण झाल्याने टॉर्क (फिरवणारा जोर) उरत नाही. पुरवठादाराच्या अभियंत्याने टॉर्क बूस्ट, म्हणजे मंद गतीला दिलेले जादा व्होल्टेज, वाढवला. गव्हाण हलली खरी, पण भार हलका असताना तोच बूस्ट मोटरच्या गाभ्याला चुंबकीयदृष्ट्या संपृक्त करून प्रवाह वाढवू लागला आणि मंद गतीत तिचा पंखाही मंदच फिरत असल्याने बॉडीला हात लावता येईना. त्यावर त्याचे निदान असे, की मोटरच लहान पडते! त्याच ड्राइव्हच्या मेनूत सेन्सरलेस व्हेक्टर (गतीचा सेन्सर न लावता फ्लक्स आणि टॉर्क वेगवेगळे सांभाळणारी पद्धत) होते, केवळ मोटरचे कपलिंग सुटे करून ऑटोट्यूनिंग करण्याचा कंटाळा होता. पुढच्या साफसफाईच्या बंदमध्ये आम्ही कपलिंगचे बोल्ट काढले, नेमप्लेटवरचे आकडे भरले आणि मोटर रिकामी फिरवून ड्राइव्हला तिचे रोध व चुंबकन प्रवाह मोजू दिले. भरलेली गव्हाण त्याच मोटरने ओढली आणि नव्या मोटरचे मागणीपत्र रद्द झाले.

ताकाहाशी आणि नोगुची यांनी १९८६ मध्ये मांडलेल्या पद्धतीतून पुढे आलेले डीटीसी (थेट टॉर्क नियंत्रण) फ्लक्स व टॉर्क थेट अंदाजून इन्व्हर्टरचे स्विच निवडते, त्यामुळे त्याचा प्रतिसाद अत्यंत जलद असतो. पण गव्हाणीच्या साखळीला मिलिसेकंदांचे काय कौतुक? शिवाय अतिमंद गतीत स्टेटरच्या रोधाचा अंदाज चुकला, तर तेही चाचपडते.

एक मात्र खरे, की एकाच ड्राइव्हवर अनेक मोटरी असतील, तर व्ही/एफच वापरावे. क्रेनच्या हॉइस्टसारखा भार शून्य गतीला टॉर्कवर तोलून धरायचा असेल, तर एन्कोडरसह (गती मोजणाऱ्या सेन्सरसह) व्हेक्टर घ्यावे. आणि मोटर रिवाइंड करून आली, की ऑटोट्यूनिंग पुन्हा करावे. जुने आकडे तिला लागू पडतीलच असे नाही.