मागचं येत नाही, पुढचं कसं शिकवू?

प्रश्न : मी पदवीच्या पहिल्या वर्षाला कॅल्क्युलस शिकवते. अर्ध्या वर्गाचं बीजगणित कच्चं आहे. पहिले दोन आठवडे उजळणी घेऊ का?

उत्तर : सरसकट उजळणी घेऊ नका. वर्षानुवर्षं ऐकूनही जे पक्कं झालं नाही, ते दोन आठवड्यांत घाईने पुन्हा ऐकून होत नाही. आणि ते कुठे लागणार हे माहीत नसताना मुलं ते धरूनही ठेवत नाहीत.

‘बीजगणित कच्चं’ म्हणजे नेमकं काय कच्चं, ते आधी शोधा. क्ष-वर्गाचा डेरिव्हेटिव्ह (बदलाचा दर) व्याख्येवरून काढताना एखादी मुलगी उत्तर शून्य आणते. आपल्याला वाटतं, हिला लिमिट (ह शून्याकडे नेताना उत्तर कुठे पोचतं ते) कळलेलंच नाही. वही पाहिली तर (क्ष + ह) चा वर्ग तिने क्ष-वर्ग अधिक ह-वर्ग असा लिहिलेला असतो. क्ष-वर्ग वजा झाला, उरलेल्या ह-वर्गाला ह ने भागलं, ह शून्याकडे नेला आणि शून्य आलं. लिमिट तिने बिनचूक घेतलं! हरवलं ते २क्षह हे मधलं पद. क्ष + ह बाजूचा चौरस काढून त्यातले दोन आयत दाखवले की ते दहा मिनिटांत सापडतं. ती दहा मिनिटं त्याच दिवशी, त्याच गणितापाशी द्या.

पहिल्याच तासाला वीस मिनिटांची, गुण नसलेली चाचणी घ्या. पहिल्या महिन्यात खरोखर लागणार तेवढंच विचारा आणि पेपर वाचताना बरोबर-चूक मोजण्याऐवजी चुकांचे प्रकार टिपा.

प्रश्न : कच्च्या मुलांसाठी थांबलो की ज्यांना येतं ती कंटाळतात.

उत्तर : दोघांना एकच काम देऊ नका. १९८५ साली जॉन स्वेलर आणि ग्रॅहम कूपर या संशोधकांनी बीजगणितावरच प्रयोग केले. सोडवलेली उदाहरणं अभ्यासणाऱ्यांनी नंतर तशीच गणितं कमी वेळात आणि कमी चुका करत सोडवली. नवख्याचं सगळं लक्ष वाट शोधण्यातच खर्च होतं, पद्धत शिकायला काही उरत नाही. त्याला आधी पूर्ण सोडवलेलं उदाहरण द्या, मग शेवटची पायरी गाळलेलं, मग शेवटच्या दोन गाळलेलं. ज्याला येतं त्याला मात्र थेट गणित द्या, कारण सोडवलेलं वाचणं त्याच्यासाठी वेळेचा अपव्ययच आहे.

प्रश्न : ‘समजलं का?’ विचारलं की सगळे माना डोलावतात.

उत्तर : तो प्रश्नच सोडून द्या. न समजलेल्याला आपल्याला समजलं नाही हे बऱ्याचदा माहीतच नसतं, आणि माहीत असेल तर चारचौघांत लाज वाटते. त्याऐवजी अंदाज विचारा. २ आणि ३ ओहमचे रोध समांतर जोडले, तर एकूण रोध २ पेक्षा कमी की जास्त? प्रत्येकाने कागदावर लिहायचं, कारण द्यायचं. मग आकडेमोड : रोधांचे व्यस्त मिळवायचे आणि आलेली बेरीज उलटी करायची. १/२ अधिक १/३ म्हणजे २/५ धरणाऱ्याला २.५ ओहम मिळतात. समांतर जोडणीत एकूण रोध सर्वांत लहान रोधाहून कमीच असतो, हे कारण त्याने स्वतः लिहिलेलं असेल तर चूक तोच पकडतो. बरोबर उत्तर १.२.

प्रश्न : एक विद्यार्थी फारच मागे आहे. त्याला विषय सोडायला सांगू का?

उत्तर : पहिल्या चाचणीवरून नको. तीन-चार आठवडे त्याच्या चुका बदलतायत का पाहा. नव्या चुका होत असतील तर तो पुढे सरकतोय. त्याच चुका तशाच राहिल्या, तर विषय बदलण्याची मुदत संपण्याआधी एकट्याला बोलावून स्पष्ट सांगा आणि आधी कोणता अभ्यासक्रम करून परत यायचं तेही लिहून द्या.