सशाची मान अचानक वाकडी झाली आहे, उठला की लोळतो. वाचेल का?

तुम्ही लिहिलंय की तुमचा दोन वर्षांचा ससा परवापर्यंत ठणठणीत होता. काल सकाळी त्याची मान उजवीकडे कलली, उठायला गेला की लोळण घेतो, आणि जवळच्या डॉक्टरांनी ‘अर्धांगवायू आहे, इंजेक्शन देऊन सोडवा’ असं सांगितलं. कृपा करून हा निर्णय आज घेऊ नका. पहिले चार-पाच दिवस या आजाराचं रूप फार भयंकर दिसतं, आणि तेवढ्यावरूनच बरे होऊ शकणारे कितीतरी ससे जातात.

आमच्या कापशीला हेच झालं होतं. पहाटे खोक्यातून धपधप आवाज आला म्हणून मी दिवा लावला, तर ती पोळी लाटल्यासारखी एकाच अंगावर गोल गोल फिरत होती. एक डोळा छताकडे, एक फरशीकडे, आणि बुबुळं सारखी इकडून तिकडे हलत होती. आजी म्हणाली मान आखडलीय, म्हणून आम्ही कोमट तेल लावून मान चोळली. त्यात दोन दिवस गेले, याचं मला आजही वाईट वाटतं. कारण दोष मानेत नसतोच. तोल सांभाळणारी यंत्रणा कानाच्या आतल्या भागात आणि मेंदूत असते, ती बिघडते. सशाला जमीन फिरतेय असं वाटतं, म्हणून तो लोळतो. मान सरळ करायला जाऊ नका, त्याने तो जास्त घाबरतो.

कारणं मुख्यतः दोन. एक, कानाच्या आतला जंतुसंसर्ग. सशाचा पू चक्क्यासारखा घट्ट असतो, आपसूक वाहून जात नाही, त्यामुळे बाहेरून कान स्वच्छ दिसला तरी आत भरलेला असू शकतो. आधी कान खाजवणं, शिंका, एका बाजूचा ओठ लोंबणं असं काही दिसलं होतं का, आठवून पाहा. लोंबत्या कानांच्या जातींत हे जास्त दिसतं. दुसरं कारण म्हणजे एन्सेफॅलिटोझून क्युनिक्युली नावाचा सूक्ष्म परजीवी. तो मेंदूत आणि मूत्रपिंडात जातो आणि लघवीतून पसरतो. अनेक सशांच्या अंगात तो वर्षानुवर्षं गप्प असतो, म्हणून रक्ततपासणीत प्रतिपिंडं सापडली एवढ्यावरून तोच गुन्हेगार ठरत नाही. बुबुळं वर-खाली हलत असतील तर दोष मेंदूत असण्याची शक्यता वाढते. त्याचा मोबाईलवर व्हिडिओ काढून ठेवा, डॉक्टरांकडे गेल्यावर ससा भीतीने थिजतो आणि काहीच दिसत नाही. पडल्यामुळे डोक्याला मार लागला असेल तर तेही सांगा.

आता औषधांचं. परजीवीचा संशय असेल तर फेनबेंडाझोल देतात, किलोमागे २० मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, सलग २८ दिवस. कापशीला हेच दिलं. मात्र मात्रा डॉक्टरांनीच वजनावरून काढायची. जास्त झालं तर रक्त तयार होण्यावर परिणाम होतो, आणि गुरांच्या गोळीचा अंदाजे तुकडा मोडून देणं तर नकोच. कानाचा संसर्ग असेल तर सशाला चालणारं प्रतिजैविक, बहुधा एन्रोफ्लॉक्सासिनसारखं, कित्येक आठवडे द्यावं लागतं. सूज आणि वेदनेसाठी मेलॉक्सिकॅम, गरगर कमी करायला वेगळं औषध. स्टेरॉइडबद्दल पशुवैद्यांमध्येच मतभेद आहेत, त्यामुळे सुचवलं तर ‘का’ हे विचारा. आणि एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा: मुलांसाठी आणलेलं अमॉक्सिसिलिनचं सिरप सशाला कधीही पाजायचं नाही. आतड्यातले उपयोगी जंतू मरतात आणि ससा दगावतो.

पण खरं सांगू का, औषधाइतकंच महत्त्व खाण्याला आहे. मान वाकडी म्हणून ससा सहसा मरत नाही, आतडं थांबलं की मरतो. बारा तास काहीच खाल्लं नसेल, लेंड्या बारीक किंवा बंद झाल्या असतील, तर रात्र असली तरी डॉक्टर गाठा. भांड्यापर्यंत त्याला पोहोचता येत नाही, म्हणून चारा तोंडाजवळ धरायचा. आमच्याकडे कोथिंबिरीची आख्खी काडी आणि गणपतीत मिळते ती दूर्वा यांनी काम केलं. दूर्वेची जुडी ओली करून दिली की पाणीही पोटात जातं. नाहीच खाल्लं तर गवताच्या गोळ्या कोमट पाण्यात भिजवून, वाटून, सुई काढलेल्या सिरिंजने पाजा. छाती उचललेली हवी, सिरिंज गालाच्या बाजूने, एका वेळी अर्धा-एक मिली, तो गिळेपर्यंत थांबायचं. घाई केली तर ते फुप्फुसात जातं.

जागा लहान करा. पुठ्ठ्याच्या खोक्यात खाली जाड सतरंजी आणि दोन्ही बाजूंनी टॉवेलच्या घट्ट गुंडाळ्या, म्हणजे लोळायला वावच राहत नाही. गुळगुळीत फरशीवर ठेवू नका. खालच्या बाजूचा डोळा कापडाला घासून जखम होते, डॉक्टरांकडून थेंब किंवा मलम मागून घ्या. उचलताना त्याची बाजू तुमच्या छातीला घट्ट टेकवा, आधार लागला की तो शांत होतो. दुसरा ससा असेल तर त्यालाही दाखवा. लघवी लगेच पुसा, भांडी उकळत्या पाण्याने धुवा. घरात कोणाची कीमो चालू असेल, तर हे काम त्यांनी करू नये.

किती दिवस लागतील? कापशीचं लोळणं सहाव्या दिवशी थांबलं, तिसऱ्या आठवड्यात ती भिंतीला टेकून चालायला लागली, आणि दोन-अडीच महिन्यांनी उडी मारली. मान आजही थोडी कललेली आहे. सगळेच ससे वाचत नाहीत. पूर्ण उपचार करूनही लोळणं थांबत नसेल आणि तो खातही नसेल, तर सोडवण्याचा विचार करणं निर्दयपणा नाही. पण तुमचा ससा, तुम्हीच लिहिलंय, हातातून गाजराचा पाला ओढून घेतोय. मग उद्या सशांवर उपचार करणारे दुसरे डॉक्टर शोधा, नाहीतर जवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात न्या. आज रात्री टॉवेल गुंडाळून ठेवा, आणि झोपण्यापूर्वी लेंड्या किती आणि केवढ्या पडल्या ते लिहून ठेवा. डॉक्टर आधी तेच विचारतील.