‘निळ्या डोळ्याचं गवत’ म्हणावं का?

नौपाड्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. भाचीने अमेरिकेतून हिरवळीत उगवलेल्या एका रानफुलाचा फोटो पाठवला, खाली नाव लिहिलं ‘ब्लू-आइड ग्रास’. मराठीत ‘निळ्या डोळ्याचं गवत’ चालेल का?

ताई, माझ्या मते नको. दोन्ही शब्द अडतात, ‘डोळा’ तर फारच.

झाडाचा डोळा म्हटलं की आपल्याला कोंब फुटायची जागा आठवते. उसाची दोन डोळ्यांची टिपरी लावतात, बटाट्याला डोळे असतात, माळी गुलाबाला डोळा भरतो. त्यामुळे ‘निळ्या डोळ्याचं’ ऐकून शेतकरी फूल बघणारच नाही, कांडं बघेल. बरं, फुलाच्या मधल्या ठिपक्याला डोळा म्हणावं, तर तो पिवळा! फोटो मोठा करून पाहा: सहा निळ्या-जांभळ्या पाकळ्या, प्रत्येकीला सुईसारखं बारीक टोक आणि मधोमध पिवळाधमक ठिपका. इंग्रजीत अख्ख्या फुलालाच डोळा मानलंय, गवतातून डोकावणारा. कल्पना गोड आहे, पण मराठीत ती तशी उतरत नाही.

आणि हे गवतही नव्हे. गवताच्या काडीला पेरं असतात. याचा दांडा चपटा, दोन्ही कडांना पातळ पट्टी असलेला. हे आयरिसच्या कुळातलं, म्हणजे केशराच्या नात्यातलं. शास्त्रीय नाव सिसिरिंकियम. बर्म्युडाचं राष्ट्रीय फूल याच गोतातलं आहे.

आपल्या लोकांची नावं ठेवायची रीत बघा. ठाण्याजवळ येऊरच्या जंगलात पावसात काळी मुसळी उगवते. पानं थेट गवतासारखी, बुडाशी सहा पाकळ्यांचं पिवळं फूल. पण नाव पडलं ते जमिनीखालच्या काळपट, मुसळासारख्या कंदावरून, कारण लोक तो औषधासाठी खणून काढत. ज्यांचा रंगच डोळ्यांत भरला, त्या फुलांना आभाळी, नभाळी म्हटलं. किती नेमके शब्द आहेत हे!

म्हणून मी ‘निळं गवतफूल’ सुचवेन. गवतफूल हा शब्द आपल्या तोंडी आहेच, आणि त्यात फूल गवताचंच असलं पाहिजे अशी अट नाही. गवतात उमललं की पुरे. घरी हेच म्हणा, लेखात मात्र सिसिरिंकियम जोडा.

ओळख पक्की करायला भाचीकडून दांड्याचाही एक फोटो मागवा. ऊन असताना काढायला सांगा, ढगाळ दिवशी हे फूल मिटलेलं असतं.