आधी तू जा

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

काल तू पायरीवर बसून बोलत होतास, चहा तसाच गार झाला. नऊला आईचा फोन आला आणि तू अर्ध्यातच उठून गेलास. तुझ्या एका वाक्यानं मला रात्री झोप लागली नाही. "बाई, बाबा एकदा दारू सोडायला तयार झाले ना, की मग बघू काय ते."

हेच वाक्य मी सात वर्षं म्हणत होते. 1994 साली शाळेतल्या एका मैत्रिणीनं मधल्या सुट्टीत मला बाजूला घेतलं आणि अल-अनॉनच्या मीटिंगचा पत्ता कागदावर लिहून दिला. दारू पिणाऱ्यांच्या घरच्या माणसांची मीटिंग. मी तो कागद पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवला. ह्यांनी सोडायची तयारी दाखवली की जाऊ, असं ठरवलं. गेले ती 2001 साली. कागदाच्या घड्या फाटल्या होत्या. तोवर माझी मुलगी दहाची सतरा वर्षांची झाली होती. स्कूटर जिन्याखाली कशी लागते ह्या आवाजावरून बाबा किती प्यायलेत हे तिला कळायचं. ती सात वर्षं मी तिला परत देऊ शकत नाही. तुझी धाकटी बहीण कानात इअरफोन घालून बसते असं तू सहज बोलून गेलास. मला ते सहज ऐकता आलं नाही.

म्हणून सांगते, बाबा तयार होईपर्यंत थांबू नकोस. आधी तू जा.

"पितात बाबा आणि जायचं मी?" असं तू विचारलंस. रागानं विचारलंस, ते बरं झालं. मलाही तसाच राग आला होता. पण मला सांग, सोमवारी बाबांच्या ऑफिसात "त्यांना ताप आहे" म्हणून फोन कोण करतं? कोपऱ्यावरच्या दुकानाची उधारी कोण फेडतं? गेल्या महिन्यात गाडीचा हप्ता कोणाच्या पगारातून गेला? दारू एकजण पितो, पण तिच्याभोवती सगळं घर फिरायला लागतं. दारू सोडू पाहणाऱ्यांची एए, म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमस, 1935 साली अमेरिकेत सुरू झाली. त्यांच्या बायकांच्या लक्षात आलं की नवरा प्यायचा थांबला तरी आपला राग, आपली भीती, आपलं बाटल्या शोधत फिरणं थांबत नाही. त्यातून 1951 मध्ये अल-अनॉन उभं राहिलं. फी नाही, आडनाव सांगावं लागत नाही, पहिल्या दिवशी तोंड उघडलं नाहीस तरी चालतं. तुझ्या बहिणीच्या वयाच्या मुलांसाठी अलाटीन आहे.

मी गेले तेव्हा शाळेच्या एका वर्गात आठ बायका लहान मुलांच्या बाकांवर बसल्या होत्या. त्यातली एक म्हणाली, "ही दारू मी लावली नाही, मला ती आवरता येणार नाही आणि मला ती बरीही करता येणार नाही." मी तिथंच रडायला लागले. दहा वर्षं सासरच्यांनी मला सांगितलं होतं की बायको नीट असती तर तो प्यायला नसता.

त्यानंतर मी एकच गोष्ट केली. ह्यांच्या ऑफिसात फोन करणं बंद केलं. तीन महिन्यांत मेमो आला. माझ्या रडण्यानं, माहेरी जाण्यानं, देवाच्या शपथांनी जे झालं नव्हतं ते त्या कागदानं केलं, आणि 2002 साली हे स्वतःच्या पायांनी दाखल झाले. नंतर दोनदा घसरले. 2004 पासून जाईपर्यंत, अकरा वर्षं, थेंब घेतला नाही. पण तू गेलास म्हणजे बाबा सोडतीलच, असं मी म्हणणार नाही. आमच्या त्या आठजणींपैकी तिघींच्या नवऱ्यांनी कधीच सोडली नाही. तरी त्या तिघी रात्री झोपायला लागल्या, मुलांच्या परीक्षांना जायला लागल्या. तेवढ्यासाठीसुद्धा जा.

आता जे कोणालाच सांगितलं नाही ते तुला लिहिते, कारण काल तू त्या जाहिरातीचं बोललास. "पिणाऱ्याला न कळत द्या, आठ दिवसांत दारू सुटेल." नको. माझ्या एका नातेवाइकानं मला डायसल्फिरामच्या गोळ्या आणून दिल्या होत्या. त्या घेतल्यावर दारू प्यायली की त्रास होतो. मी त्या कुटून आमटीत घालत होते. पाचव्या दिवशी हे पिऊन आले. तोंड लालबुंद, धाप, उलट्या, हातपाय गार. रिक्षातून दवाखान्यात नेलं. डॉक्टर पुन्हा पुन्हा विचारत होते, काय घेतलंय, काय दिलंय. मी वीस मिनिटं गप्प बसले. माणूस माझ्यासमोर जात होता आणि मी अब्रूचा विचार करत होते. ते औषध वाईट नाही. पेशंटला माहीत असताना, त्याच्या संमतीनं, डॉक्टरांच्या देखरेखीखाली देतात. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत दारूशी त्याची प्रतिक्रिया होऊ शकते, म्हणून पेशंटला ते माहीत असावंच लागतं. चोरून दिलेल्या गोळीनं माणूस मरू शकतो. पुड्या विकणारे तर आत काय आहे तेही सांगत नाहीत.

दुसरं, आईनं आषाढीला बाबांना माळ घालायला लावायचं ठरवलंय. माळेवर माझी श्रद्धा आहे. माझ्या वडिलांच्या गळ्यात होती. पण तू म्हणालास की बाबांना सकाळी उठल्यावर हात थरथरतात म्हणून घ्यावी लागते. असं शरीर एका दिवसात दारू बंद केली तर उलटतं. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत भास, ताप, कोण कुठे आहे याचं भान सुटणं असे प्रकार होतात, आणि त्यात माणसं दगावतात. आधी डॉक्टर, डिटॉक्स म्हणजे देखरेखीखाली अंगातली दारू उतरवणं, मग माळ. पांडुरंग थांबेल.

कुठे जायचं विचारलंस. पुण्यात डॉ. अनिता अवचटांनी पु. ल. आणि सुनीताबाईंच्या देणगीतून 1986 साली मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. तिथे पेशंट 35 दिवस राहतो आणि बायकांचा वेगळा सहचरी गट असतो. म्हणजे हेच की रे, घरच्यांनाही उपचार लागतात हे तिथे ओळखलेलं आहे. सरकारी रुग्णालयातला मानसोपचार विभाग आहे. रात्री दोनला काही झालं आणि बोलायला कोणी नसेल तर टेली-मानसचा 14416 आहे, मराठीत बोलता येतं. व्यसनाबद्दल माहितीसाठी 14446. हे फोनही तूच करायचेस. बाबांनी करावेत म्हणून नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवू नकोस.

"गाडी पाठवतो, उचलून नेतो" म्हणणाऱ्या केंद्रांपासून लांब राहा. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारूच्या व्यसनातून येणारे मानसिक आजारही धरले आहेत. संमतीशिवाय दाखल करायचं तर जिवाला धोका किंवा स्वतःची काळजीच घेता न येणं, असं काही असावं लागतं आणि दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासावं लागतं. केंद्राची नोंदणी आहे का, मानसोपचारतज्ज्ञ किती वेळा येतात, घरच्यांना भेटू देतात का, हे विचार. भेटू देत नसतील तर पैसे भरू नकोस.

आणि आजी. काल तू बाबांबद्दल तासभर बोललास, आजींबद्दल जाता जाता दोन मिनिटं. रात्री तीनला पिशवी घेऊन दाराशी उभ्या राहतात, "मला घरी जायचंय" म्हणतात, आणि आई त्यांना सांगत बसते की हेच तुमचं घर. आईला सांग, वाद घालू नको. ते घर म्हणजे बहुतेक त्यांचं माहेर असेल. "जाऊ हं, आधी थोडं दूध घ्या," म्हणावं. विसरणं वयाचंच, असं धरून बसू नका. बी-12, थायरॉइड तपासून घ्या, न्यूरॉलॉजिस्टला किंवा मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. आणि एक-दोन दिवसांत अचानक जास्त गोंधळल्या तर लघवीचं इन्फेक्शन आहे का ते आधी बघा. सासूबाईंच्या वेळी मला हे कळायला तीन दवाखाने लागले.

तिथेही हेच. आजी "तयार" होणार नाहीत. आई तर मुळीच होणार नाही, ती म्हणेल माझं मी करते. पुण्यातल्या स्किझोफ्रेनियाच्या, पार्किन्सनच्या मदतगटांत आजारी माणसाला शुभार्थी म्हणतात आणि त्याचं करणाऱ्याला शुभंकर. तुझ्या आईला आजवर कोणी कुठलं नावच दिलेलं नाही. ज्येष्ठांसाठी एल्डरलाइन आहे, 14567, सकाळी आठ ते रात्री आठ. विस्मरणाच्या पेशंटांच्या घरच्यांसाठी अल्झायमर्स सोसायटीचं, म्हणजे एआरडीएसआयचं, काम आहे. ब्यूरोची मावशी ठेवाल तेव्हा बदली मावशी कोण ते पहिल्या दिवशी विचारा, कारण ती गौरी-गणपतीला गावी जाणारच, आणि तिनं जायलाच हवं. सत्तरीवरच्यांचं आयुष्मान कार्ड काढून घ्या, पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या खर्चाला. मावशीचा पगार त्यातून होत नाही.

केअर सेंटरचं नाव काढल्यावर तू मान खाली घातलीस. "आईला वाटेल आपण आजीला टाकलं." बाळ, माझ्या सासूबाई शेवटचे चौदा महिने केअर सेंटरला होत्या. नणंदेनं श्राद्धाच्या पंगतीत सगळ्यांसमोर विचारलं, तुला जड झाल्या का? हो, जड झाल्या होत्या. अठ्ठावन्न किलो होत्या, माझा मणका सरकलेला होता, आणि दोन रात्रींत तीनदा पडल्या. दर दोन तासांनी कूस बदलायला हवी होती आणि मी एकटी होते. हे मदत करायचे, पण तेही सत्तरीचे. मी तीन सेंटर्स बघितली. ठरवून न सांगता, रात्रीच्या जेवणानंतर गेले. वास बघितला, रात्री किती माणसं ड्यूटीवर असतात ते मोजलं, नळीनं भरवायची वेळ आली तरी ठेवाल का ते विचारलं. रोज संध्याकाळी साडेपाचला जायचे. त्यांच्या पाठीवर एकही जखम झाली नाही. चौदा महिन्यांत एकही. ज्यांनी मला बोल लावला त्यांतलं कोणी एक रात्र येऊन राहिलं नव्हतं. मी त्यांना टाकलं नाही. अजूनही कधी पहाटे जाग आली की मी हे नणंदेला मनातल्या मनात सांगत असते. तुझ्या पत्रात ते आलं, असू दे.

तू हुशार आहेस, नववीतही भूमितीचं प्रमेय एका बैठकीत सोडवायचास. पण वाट बघण्यात हुशारी नाही. घरातलं बाहेर कळेल म्हणतोस? तुमच्या मजल्यावर सगळ्यांना कळलेलं आहे. फक्त तुम्ही चौघं ते एकमेकांशी बोलत नाही.

शनिवारी संध्याकाळी साडेसहाला मीटिंग आहे. मी सहाला तुमच्याकडे येते आणि आजींजवळ बसते. तू आणि आई जा. बाबांना सांगून जा, लपवू नका. घरी आहेत म्हणून वाट बघू नका आणि नाहीत म्हणूनही नाही. आजी दाराशी उभ्या राहिल्या तर मी त्यांना गल्लीतून एक फेरी मारून आणीन, मला जमतं. संध्याकाळच्या गोळ्या कुठल्या डब्यात असतात आणि दूध कोमट लागतं की गरम, तेवढं आईला कागदावर लिहून ठेवायला सांग.

तुझ्या,
बाई