दहा बाय दहाच्या खोलीत रेल्वे बसवायची असेल तर

मॉडेल रेल्वेबद्दल, म्हणजे खऱ्या रेल्वेच्या मापात लहान केलेल्या प्रतिकृतीबद्दल, एक प्रश्न असा आहे: "बेळगावात आमची १० बाय १० ची एक खोली रिकामी आहे. ८ बाय ४ च्या प्लायवर एचओ स्केलमध्ये बेळगाव स्टेशन, लोंढा जंक्शन आणि दूधसागरचा घाट करायचा आहे. मुलगा आठ वर्षांचा आहे. सुरुवात कुठून करू?"

या तिन्ही गोष्टी आजच खोडा, म्हणजे एखादी छोटी तरी होईल. मी खोडल्या नव्हत्या.

मीही ८ बाय ४ वरच सुरू केलं होतं. प्लाय त्याच मापाचं मिळतं म्हणून टेबलही तेवढंच. सुतार म्हणाला, "दिवाण करालायसा काय?" ते टेबल दोन भिंतींना चिकटवून कोपऱ्यात लावलं. गाडी घसरायची ती नेमकी मागच्या कोपऱ्यात, बोगद्याच्या आत. मग मी पोटावर आडवा, आणि माझ्या कोपराखाली निम्मं गाव आडवं. बसल्या जागेवरून हात नीट पोचतो तो फार तर अडीच फूट. चार फुटी टेबलाला दोन्हीकडून फिरायला वाट लागते, आणि ती ठेवली की तुमच्या खोलीत दुसरं काहीच मावत नाही.

आता माप. एचओ म्हणजे १:८७, खऱ्याच्या सत्त्याऐंशीवा भाग. आपला निळा आयसीएफ (चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीचा) डबा साधारण २१.३ मीटर लांब, म्हणजे एचओत साडेचोवीस सेंटीमीटर. बावीस डब्यांची गाडी केली तर इंजिन सोडून जवळजवळ साडेपाच मीटर झाली. तुमच्या खोलीचा कर्ण सव्वाचार मीटरच्या आसपास! शिवाय बाजारात मिळणारं एचओचं सगळ्यात घट्ट वळण ३६-३८ सेंटीमीटर त्रिज्येचं असतं. त्यावर लांब डबे फिरतात, पण एकमेकांकडे पाठ फिरवून बसलेल्या भावकीसारखे दिसतात. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: एन स्केल घ्या. १:१६०, रुळांतलं अंतर ९ मिलिमीटर, डबा तेरा सेंटीमीटरच्या थोडा पुढे, आणि २८ सेंटीमीटर त्रिज्येचं वळण त्याला पुरतं. इंजिन लहान असल्यामुळे मुलाच्या हातून पडायची भीती जास्त, हे खरं. पण तो आठ वर्षांचा आहे, तीन नाही.

(एक गंमत. एचओचा १६.५ मिलिमीटरचा रूळ हा परदेशातल्या १४३५ मिलिमीटरच्या गेजचा, म्हणजे रुळांतल्या अंतराचा. आपलं ब्रॉडगेज १६७६, म्हणजे खरं तर सव्वाएकोणीस मिलिमीटर हवेत. भारतीय रेल्वेचं मॉडेल करणारे जवळपास सगळेच ही चूक पोटात घालतात. तुम्हीही घाला. ज्यांना आमच्या लहानपणीची मीटरगेज हवी, त्यांच्यासाठी १२ मिलिमीटरचा रूळ मिळतो, तोही स्विस डोंगरगाड्यांच्या कृपेने, पण खिशाला फार जड.)

पायासाठी टेबल करूच नका. एक फ्लश डोअर, म्हणजे सपाट लाकडी तयार दार आणा, दोन मीटर बाय पाऊण मीटरच्या आसपासचं. खाली चाकांची चौकट केली की भिंतीशी लावता येतं आणि काम करताना पुढे ओढता येतं. दोन्ही टोकांना वळणं गेली की मध्ये साधारण १३५ सेंटीमीटर सरळ रूळ उरतो. त्यातून लूप लाईनचे (मेन लाईनला फुटून पुन्हा तिलाच मिळणाऱ्या रुळाचे) दोन सांधे, म्हणजे गाडी रूळ बदलते त्या जागा, वजा केल्या तरी मीटरभर जागा राहते. इंजिन आणि पाच डबे त्यात आरामात उभे राहतात. हे कुठलं स्टेशन होऊ शकतं? लोंढा नाही, बेळगाव नाही. खानापूर होऊ शकतं. एक मेन लाईन, एक लूप, एक छोटी साईडिंग (टोकाला बंद असलेला रूळ), मागे कौलारू घरं आणि वीटभट्टी.

घाटाचा मोह सोडा म्हणतो, त्यामागे साधा हिशोब आहे. कॅसलरॉकच्या खालच्या, म्हणजे दूधसागरच्या घाटात चढ ३७ ला १ आहे, ३७ मीटर गेलं की एक मीटर वर. घरी ४० ला १ धरा. एनमध्ये एका रुळावरून दुसरा न्यायला साधारण ४५ मिलिमीटर उंची लागते. म्हणजे चढायला १.८ मीटर आणि उतरायला तेवढेच. तुमची पूर्ण फेरीच साडेचार मीटरची. स्टेशन उतारावर बांधणार काय? त्यापेक्षा रूळ सपाट ठेवा आणि जमीन खाली न्या. दारावर दोन इंच थर्माकोल चिकटवा, रूळ त्यावर, आणि एका ठिकाणी थर्माकोल कोरून मलप्रभेचं पात्र करा. रूळ जागचा हलत नाही, तरी खाली पूल दिसतो. थर्माकोलला फेव्हिकॉलच लावा. रंगाच्या स्प्रेने ते वितळतं.

हे कोरणं आपल्या पोरांना शिकवावं लागत नाही. दिवाळीत किल्ला करणाऱ्या पोराला दरी, कडा, पायवाट कळतेच. फक्त किल्ल्याची सवय इथे एका बाबतीत घात करते: ओलं काही चालत नाही. अळीव पेरायचं नाही. मी झुडपांसाठी चहाचा चोथा वाळवून लावला होता. डिसेंबरात छान दिसला. जुलैत आमच्याकडच्या पावसात त्यावर पांढरी बुरशी आली आणि अख्खा डोंगर खरवडावा लागला. लाकडाचा भुसा रंगवून वापरा. दाराच्या कडांनाही आधीच रंगाचे दोन हात द्या, नाहीतर पावसाळ्यात त्या फुगतात.

तांबडी माती मात्र आपलीच वापरा, तसा रंग विकत मिळत नाही. चाळून घ्या, तव्यावर कोरडी भाजा, आणि मग पिशवीत गुंडाळलेलं लोहचुंबक त्यावरून चार वेळा फिरवा. जांभ्याच्या मातीतले काळे कण चुंबकाला चिकटून येतात. ते राहिले तर इंजिनाच्या मोटरमध्ये जाऊन बसतात. खडीसाठीच्या वाळूलाही तेच.

वायरिंगला कंटाळू नका. रूळ जोडणाऱ्या पत्र्याच्या चिमट्यांवर विजेचा भरवसा ठेवला की सहा महिन्यांत गाडी स्टेशनच्या अलीकडेच थांबायला लागते. खालून दीड स्क्वेअर एमएमच्या दोन जाड वायरी फिरवा, लाल आणि काळी, आणि दर तीन फुटांवर तिथून रुळाला बारीक वायर डाग देऊन (सोल्डर करून) जोडा. डाग द्यायला येत नसेल तर गणपतीत हलते देखावे करणारा एखादा पोरगा गल्लीत असतोच, त्याला चहाला बोलवा. माझं निम्मं वायरिंग अशाच एकाने केलंय.

खडी आणि डोंगर महिनाभर तरी लावू नका. रूळ नुसते टाचण्यांनी धरा आणि मुलाला हवी तशी गाडी पळवू द्या. कुठे घसरते ते तोच तुम्हाला दाखवेल. पुण्याला जाणं झालं तर कोथरूडचं जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय त्याला दाखवा, पण स्वतःचे रूळ टाकून झाल्यावर. आधी दाखवलंत तर घरचं दार त्याला फारच छोटं वाटेल.

आणि काहीही विकत घेण्याआधी वर्तमानपत्रं चिकटवून दोन मीटरचा कागद करा, त्यावर खऱ्या मापात रूळ काढा आणि तो आठवडाभर त्या खोलीत जमिनीवर पसरून ठेवा. खोलीचं दार आत उघडतं की बाहेर, हे मला त्या कागदावरूनच कळलं. तोवर टेबल आत येऊन बसलं होतं.