क्रेडिट देतं ते कॉलेज, परीक्षा नाही

अगं,

तुझा मेसेज वाचला. तीन वर्षं अकाउंट्सचं काम केलंय, आता कॉलेजात जाऊन तेच परत अ-आ-ईपासून शिकायचं आणि वर त्याची फी भरायची का, असं विचारलंयस. नाही, सगळं परत नाही शिकावं लागत. इथे अमेरिकेत आधीच येत असलेल्या गोष्टीचं क्रेडिट, म्हणजे डिग्रीसाठी मोजलं जाणारं कोर्सचं एकक, मिळवायची सोय बरीच जुनी आहे. क्लेप, म्हणजे वर्गात न बसता क्रेडिट मिळवायची परीक्षा, १९६७ पासून चालू आहे, हायस्कूलच्या मुलांच्या एपी परीक्षा घेणारं कॉलेज बोर्डच ती घेतं. तेव्हा हा काही आडमार्ग आहे असं मनात आणू नकोस.

पण अभ्यासाचं पुस्तक मागवायच्या आधी एक गोष्ट ऐक, कारण मी इथेच चुकले होते. मी उत्साहात समाजशास्त्राची क्लेप दिली, ६१ आले, स्कोअर तिथल्या तिथे स्क्रीनवर दिसतो, घरी येईपर्यंत जमिनीवर पाय नव्हते माझे. कॉलेजने ३ क्रेडिट दिलेही, पण दिले फ्री इलेक्टिव्ह, म्हणजे आवडीच्या कुठल्याही विषयाच्या जागेत, आणि माझे इलेक्टिव्ह आधीच भरलेले होते. म्हणजे ट्रान्स्क्रिप्टवर, म्हणजे गुणपत्रकावर, ३ क्रेडिट वाढले आणि डिग्रीतला एकही क्लास कमी झाला नाही. चूक कोणाची नव्हती, मी आधी विचारलंच नव्हतं.

क्लेपमध्ये २० ते ८० मध्ये स्कोअर येतो, आणि एसीई, म्हणजे अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशन, सांगतं की ५० ला क्रेडिट द्यावं. पण ती फक्त शिफारस आहे गं. क्रेडिट देतं ते तुझं कॉलेज, आणि एखादं कॉलेज ५० ला देतं, एखादं जास्त मागतं, एखादं ठराविक विषयच घेतं, काही जण अजिबातच घेत नाहीत. म्हणून कॉलेजातल्या अ‍ॅडव्हायझरला नुसतं "क्लेप चालते का" असं विचारू नकोस, त्याचं उत्तर "हो" येतं आणि आपण फसतो. असं विचार की फायनान्शियल अकाउंटिंगच्या क्लेपला किती स्कोअर लागतो, ती माझ्या डिग्रीतल्या नेमक्या कुठल्या कोर्सच्या जागी बसेल, आणि परीक्षेतून एकूण किती क्रेडिट घेता येतात. बॅचलर्सला साधारण १२० क्रेडिट लागतात आणि त्यातले ठराविक त्यांच्याकडेच करावे लागतात, बऱ्याच ठिकाणी ३० च्या आसपास, तेही विचार. आणि हे सगळं ईमेलवर, फोनवरचं बोलणं सहा महिन्यांनी कोणाला आठवत नाही.

फायनान्शियल अकाउंटिंग तुझ्यासाठीच आहे असं मला वाटतं, ९० मिनिटं, ७५ प्रश्न, चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत म्हणून एकही प्रश्न रिकामा सोडू नकोस. फक्त रोज काम करतेस म्हणजे अभ्यास नको असं समजू नकोस, तुझ्या ऑफिसात सॉफ्टवेअर एन्ट्री दोन्हीकडे आपोआप टाकतं, परीक्षेत डेबिट-क्रेडिट तुला स्वतःला लावावं लागणार. मॉडर्न स्टेट्स नावाच्या संस्थेचे ऑनलाइन कोर्स फुकट आहेत आणि कोर्स पूर्ण केला की परीक्षेच्या फीचं व्हाउचर मिळतं, ते आधी बघ. नापास झालीस तर तीच परीक्षा परत द्यायला ३ महिने थांबावं लागतं, तेव्हा सेमिस्टर सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात तारीख घेऊ नकोस. आणि पुढे सीपीए, म्हणजे इथलं सीए, करायचं मनात असेल तर तुझ्या राज्याच्या बोर्डाचे नियम आत्ताच वाच, अकाउंटिंगचे कुठले क्रेडिट ते धरतात ते कॉलेज नाही, बोर्ड ठरवतं.

आता पोर्टफोलिओ. परीक्षेत न मावणारं शिक्षण कागदावर मांडायचं, त्या विषयाचे प्राध्यापक ते वाचतात आणि त्यांच्या कोर्सशी ताडून बघतात. न्यू जर्सीची थॉमस एडिसन, कनेक्टिकटचं चार्टर ओक, ही कॉलेजं नोकरी करणाऱ्या मोठ्या माणसांसाठीच निघाली आहेत, तिथे ही पद्धत चांगली मुरलेली आहे. पण इथे बहुतेक जण एकाच ठिकाणी अडकतात. क्रेडिट अनुभवाचं मिळत नाही, अनुभवातून जे शिकलीस त्याचं मिळतं.

तुझंच उदाहरण घे. "तीन वर्षं दर महिन्याला बँक रिकन्सिलिएशन केलं", म्हणजे आपली वही बँकेच्या हिशोबाशी जुळवली, एवढंच लिहिलंस तर ती हजेरी झाली. तू मला मागे सांगितलं होतंस ना, की एकदा ६३ डॉलरचा ताळा लागत नव्हता, सगळे चेक परत परत बघत बसले होते आणि तू म्हणालीस की ६३ ला ९ ने भाग जातो, म्हणजे कुठेतरी आकडे उलटे पडले असतील, आणि खरंच ५१८ च्या जागी ५८१ निघाले. ते लिही! शेजारचे दोन आकडे उलटे पडले की फरकाला ९ ने भाग का जातो, ९ ने भाग जाणारा प्रत्येक फरक त्यामुळेच असतो असं का म्हणता येत नाही, तसं नसेल तर पुढे काय तपासायचं, बँकेत अजून न वटलेले चेक आधी का बाजूला काढायचे, हे सगळं. सोबत नावं आणि खाते नंबर झाकलेलं एखादं रिकन्सिलिएशन जोड, मालकांची परवानगी घेऊन, आणि सुपरवायझरचं पत्र घे, पण "मेहनती आहे, वेळेवर येते" असलं नको, तू एकटीने काय करू शकतेस ते त्यांनी लिहायला हवं.

सगळंच परीक्षा देऊन उडवू नकोस मात्र. जनरल एज्युकेशनचे, म्हणजे सगळ्यांना करावे लागणारे सामान्य विषय खुशाल दे, पण इंटरमीडिएट अकाउंटिंग वर्गात बसून कर, तिथे घाई केली की पुढच्या प्रत्येक कोर्सला अडखळायला होतं, आणि शिफारसपत्र देणारे प्राध्यापक भेटतात ते वर्गातच. कॉलेज बदललंस तर स्कोअर नव्या कॉलेजला परत पाठवावा लागेल आणि ते आपल्या नियमाने बघतील, पहिल्या कॉलेजने दिलं म्हणून दुसरं देईलच असं नसतं.

आत्ता एवढंच कर, डिग्रीची कोर्सलिस्ट प्रिंट काढ आणि जे तुला आधीच येतंय असं वाटतं त्यावर पेन्सिलने खूण कर. अ‍ॅडव्हायझरची मेल लिहिलीस की पाठवायच्या आधी मला दाखव, रविवारी दुपारी मी घरीच आहे.

तुझी,
काकू